झिलकऱ्याचा गळा



गाण्याविषयी व्याख्यान द्यावयाचे तर बोलणारा स्वतः गवई तरी असावा, किंवा त्या शास्त्राचा पंडित तरी असावा. आम्ही या दोहोंपैकी कोणीच नव्हे. आमचा धंदा कामगार संघटनेचा. पगारवाढ, बोनस, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी हे आमचे चार वेद. शिक्षण म्हणाल तर सातवीनंतरचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. व्याख्यानमालेच्या चालकांनी आमचे नाव घेतले ते बहुधा कामगार कायद्यांवर काही ऐकावयास मिळेल या अपेक्षेने. आम्ही विषय कळविला तो असा : ‘समूहात गाणाऱ्या तरुण मुलामुलींनी गळा कसा सुधारावा’. चालकांनी तो पत्रिकेवर छापला, याबद्दल त्यांचे आभार.

आता आमचा आणि या विषयाचा संबंध काय ते सांगितले पाहिजे. आमच्या युनियनचे एक कलापथक आहे. त्यात सध्या सव्वीस मुलेमुली आहेत. वय तेरापासून बाविसापर्यंत. कोणाचा बाप यंत्रमागावर, कोणाची आई विड्या वळणारी, कोणाचा भाऊ बाजार समितीत हमाल. एक मेची सभा, महात्मा फुले आणि बाबासाहेब यांच्या जयंत्या, एखादा मोर्चा, अशा प्रसंगी ही मंडळी गातात. आठ वर्षांपूर्वी पथकाची व्यवस्था आमच्याकडे आली, तेव्हा त्यातली निम्मी पोरे घोगऱ्या आवाजाची होती. कोणी त्याला ‘शाहिरी बाज’ म्हणत असत. आम्हांला त्यात बाज दिसेना. इजा दिसत होती. मागावर बोट कापले तर आम्ही नुकसानभरपाईचा अर्ज करतो. गळा कापला गेला तर तो अर्ज कोणाकडे करावयाचा, असा प्रश्न पडला, आणि तेव्हापासून या विषयाचे वाचन आणि विचारपूस सुरू झाली.

प्रथम एक गैरसमज. समूहात गाणारा म्हणजे ज्याला एकट्याने गाता येत नाही तो, अशी समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे. पोवाड्यात शाहिराचे नाव होते, झिलकऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. पण पोवाडा ऐकताना जरा बारकाईने पाहा. शाहीर एक चरण संपवितो, झिलकरी शेवटचा सूर उचलतात आणि लांबवितात. त्या तेवढ्या वेळात शाहीर काय करतो? तो श्वास घेतो, घाम पुसतो, डफावर थाप मारून पुढचा चरण आठवतो. म्हणजे शाहिराचा दम हा अर्धा झिलकऱ्याच्या छातीत असतो. झील सुरात खाली घसरली तर पुढचा चरण शाहिराला खालून उचलावा लागतो, आणि दहा चरणांत सारा पोवाडा अर्ध्या सुराने बसतो. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या आवाजांनी मैदाने भरून काढली. अमर शेखांच्या बुलंद आवाजाच्या गोष्टी आम्ही जुन्या कामगारांकडून पुष्कळ ऐकल्या. त्यांच्यामागे उभे राहून झील धरणाऱ्यांच्या गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. आजचे व्याख्यान त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या पोरांसाठी आहे.

गळा म्हणजे काय हे पोरांना आधी सांगावे लागते, कारण त्यांची कल्पना अशी की, आत कोठेतरी एक भोंगा बसविलेला आहे आणि जोर लावला की तो वाजतो. वस्तुतः कंठातल्या दोन नाजूक पट्ट्या, म्हणजे स्वरतंतू, फुप्फुसातून येणाऱ्या हवेने एकमेकींवर आपटतात आणि त्यातून नाद उत्पन्न होतो. पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी फार तर दोन सेंटिमीटरच्या आसपास, स्त्रीची त्याहून कमी. काळी एकच्या षड्जावर मुलगा गात असेल तर त्या पट्ट्या सेकंदाला सुमारे १४० वेळा मिटतात आणि उघडतात. मुलगी काळी चारवर गात असेल तर दोनशेहून अधिक वेळा. आमची पोरे मागाच्या भाषेत समजतात, म्हणून आम्ही त्यांना सांगतो की, साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-सव्वाशे धोटे मारतो. तुमचा माग तितके धोटे सेकंदाला मारतो, आणि त्याला तेल घालणारा जॉबर बाहेरून येत नाही. तेल म्हणजे पाणी. दिवसभर थोडे थोडे पाणी पोटात गेले पाहिजे. गाण्याच्या आधी तांब्याभर घशात ओतून काही उपयोग नाही. ते पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, अन्ननलिकेतून पोटात जाते. तंबाखू, मावा आणि विडी यांविषयी येथे अधिक बोलत नाही. बोललो तर तो निराळ्याच व्याख्यानाचा विषय होईल.

तेरा ते पंधरा या वयात मुलांचा ‘कंठ फुटतो’. हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग फार नेमका आहे, पण त्यातल्या ‘फुटण्या’ने पोरे घाबरतात. स्वरयंत्र वाढते, तंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मधल्या काळात गाता गाता सूर अचानक फाटतो, आणि पथकातल्या मुली हसतात. असा हसला गेलेला मुलगा पुष्कळदा गाणे कायमचे सोडतो. पूर्वी काही उस्ताद या काळात गाणे अगदी बंद ठेवावयास सांगत. आमचे मत निराळे आहे, आणि अलीकडचे जाणकारही बहुधा हेच सांगतात की, गाणे बंद करू नये, फक्त आवाका आवरावा. ज्या पाच-सहा सुरांत आवाज बिनकष्टाचा येतो तेवढ्यांतच त्याला गाऊ द्यावे. वरचा चरण आला की त्याने गप्प राहावे किंवा डफ धरावा. आमच्या पथकात डफ वाजविणाऱ्यांचा तुटवडा कधी पडत नाही, त्याचे कारण हे आहे. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण थोडा; दोन-तीन सुरांनी खाली येतो आणि काही दिवस त्यात वारा मिसळल्यासारखा वाटतो. त्याकडे कोणी लक्ष देत नाही. मुलीला ‘तुझा आवाज बसला’ म्हणतात आणि मागच्या रांगेत ढकलतात.

आता घोगरेपणाविषयी. मागाच्या शेडमध्ये ज्याने एक पाळी काढली आहे त्याला ठाऊक आहे की, तेथे शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवितो; हा शरीराचा स्वभावच आहे. शेडला लागून घर असले की, पोर जन्मल्यापासून त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलावयास शिकते. तेच पोर कलापथकात येते, तेथे ढोलकी, डफ, शेजारी गाणारे पंचवीस जण, आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ऐकू आला नाही की ते आणखी जोर लावते. शेजारीही तेच करतो. पाच मिनिटांत गाण्याची घोषणा होते. घोषणा वाईट असे आम्ही कसे म्हणू? आमचे अर्धे आयुष्य त्या देण्यात गेले. पण घोषणा देताना आवाज फेकून सोडून द्यावयाचा असतो, आणि गाताना तो धरून न्यावयाचा असतो. म्हणून आमच्या पथकात एक नियम आहे : ज्या दिवशी गावयाचे, त्याच्या आदल्या दिवसापासून घोषणा द्यावयाच्या नाहीत. मोर्चात ही सव्वीस पोरे मुकी चालतात. सुरुवातीला काही कार्यकर्त्यांना हे फार खटकले. एकाने तर ‘ही काय मौनव्रताची दिंडी आहे का’ असे विचारले. आम्ही म्हणालो, होय.

आमच्या पथकात विडी कामगाराची एक मुलगी होती. वय सतरा. आवाज मोठा आणि मोकळा, म्हणून सारे तिलाच पुढे करीत. हळूहळू तिचा आवाज जाड झाला, वरचे सूर लागेनासे झाले, सकाळी बोलताना शब्द हवेत विरू लागला. एका स्पर्धेत परीक्षकांनी तिला सर्वांदेखत सांगितले की, ‘बाई, तुला गळा नाही, तू नाचात भाग घे.’ मुलगी घरी गेली ती दोन महिने आली नाही. आम्ही तिच्या आईला भेटलो आणि तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नळीतून पाहिले आणि सांगितले की, दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी आल्या आहेत. हाताला घट्टे पडतात तसे. कर्करोगाची भीती आईच्या डोळ्यांत उभी होती. डॉक्टरांनी ती काढून टाकली. शस्त्रक्रिया नको, आवाजाला विश्रांती आणि बोलण्याच्या सवयीत बदल हवा, असे ते म्हणाले. वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंकडे ती पाच महिने जात होती. जाण्यायेण्याचे बसभाडे युनियनने दिले, आणि कार्यकारिणीत त्यावर वादही झाला. ‘गाण्यासाठी बसभाडे?’ असा. आम्ही उत्तर दिले की, विडी वळणारीची बोटे आणि हिचा गळा यांत आम्हांला फरक दिसत नाही. ठराव दोन मतांनी मंजूर झाला.

या प्रकरणातून जे शिकावयास मिळाले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे. सर्दी-खोकला नसताना दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर घरगुती काढ्यावर भिस्त न ठेवता डॉक्टरांकडून घसा पाहून घ्यावा. वारंवार खाकरू नये. खाकरण्याने तंतू एकमेकांवर जोराने घासतात. घसा दाटला तर पाण्याचा घोट घ्यावा किंवा गिळावे. आणि आवाज बसला असता जोर लावून कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती नव्हे. बोलावयाचेच असेल तर हळू, पण खऱ्या आवाजात बोलावे. नाहीतर गप्प बसावे.

श्वासाकडे येतो. गावयास सांगितले की पोर छाती फुगविते आणि खांदे वर उचलते. शाळेतल्या कवायतीची ती सवय आहे. त्या श्वासाने मानेचे स्नायू ताठ होतात आणि गळा आवळला जातो. आम्ही पोरांना चटईवर उताणे झोपवितो आणि पोटावर वाचनालयातले एक जाड पुस्तक ठेवतो. श्वास घेताना पुस्तक वर गेले पाहिजे, सोडताना सावकाश खाली आले पाहिजे. (आमच्याकडे यासाठी औद्योगिक कलह कायद्याची एक जुनी प्रत राखून ठेवलेली आहे. त्या कायद्याचा एवढा थेट उपयोग आम्हांला दुसरीकडे क्वचितच झाला.) मग उभे राहून ‘स्‌ऽऽ’ असा आवाज करीत हवा सोडावयाची. नवे पोर आठ-दहा सेकंदांत संपते. महिनाभरात वीस-पंचवीसपर्यंत जाते. पण सेकंद वाढविणे हा त्यातला हेतू नव्हे. पहिल्या सेकंदाची आणि शेवटच्या सेकंदाची धार सारखी राहते की नाही, हे ऐकावयाचे.

ज्यांची छाती लहान, दम कमी, ते निराश होतात. त्यांना आम्ही कुमार गंधर्वांचे सांगतो. १९४७ च्या सुमारास त्यांना क्षयाने गाठले, देवासला अंथरुणावर काही वर्षे गेली, एक फुप्फुस अधू झाले. त्यानंतर ते पुन्हा गायले, आणि लांबलचक दमसासाच्या जागी लहान, नेमक्या, धारदार स्वरावली घेऊन गायले. अर्थात् ते कुमार गंधर्व होते. पण समूहात गाणाऱ्याला तर याहूनही मोठी सोय आहे. एकट्या गवयाला श्वासासाठी कोठेतरी थांबावेच लागते. सव्वीस जणांना थांबण्याचे कारण नाही. शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यावयाचा नाही, एवढे पाळले की सूर तासभरही अखंड राहू शकतो. हे सोपे वाटते, पण नाही. सगळ्यांना ओळीच्या शेवटीच श्वास हवा असतो, आणि तेथे मग गाण्याला भोक पडते. म्हणून आम्ही उलट सांगतो : ओळीच्या शेवटी श्वास घेऊ नका, मध्येच एखाद्या लांब स्वरावर गुपचूप बाहेर पडा आणि तितक्याच गुपचूप, हलक्या आवाजात परत या. परत येताना ठसक्यात येणारा पकडला जातो. पाळीवर उशिरा येणाऱ्याने मागच्या दाराने यावे, तसे.

आता जरा दूरच्या देशात जाऊ. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स म्हणून प्रांत आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या जोरात होत्या, आणि त्या खाणकामगारांत समूहगायनाचे वेड होते. १८७२ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एक गायनस्पर्धा झाली. दक्षिण वेल्सच्या गावागावांतून निवडलेले साडेचारशेच्या आसपास गायक तेथे गेले. त्यांचा नायक ग्रिफिथ रीस जोन्स. लोक त्याला ‘कॅरॅडॉग’ म्हणत, आणि तो धंद्याने लोहार होता. पहिल्या वर्षी त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी पथकच उतरले नाही. पुढच्या वर्षी, १८७३ साली, लंडनचे पथक उतरले आणि हरले. अॅबर्डेअर गावात त्या लोहाराचा पुतळा आहे. हातात घण नाही, संचालनाची छडी आहे.

या लोकांना स्वरलिपी कशी वाचता येत होती, हा प्रश्न आम्हांला पडला. त्याचे उत्तर असे की, जॉन कर्वेन नावाच्या एका धर्मोपदेशकाने सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची पद्धत घेऊन ती सोपी करून पसरविली होती. पाच रेघांच्या जिन्याऐवजी सात अक्षरे : डो, रे, मी, फा, सो, ला, टी. भिंतीवर त्यांचा तक्ता टांगावयाचा आणि छडीने अक्षर दाखवावयाचे. पोरांनी तो सूर लावावयाचा. यातला डो हा कोणत्याही पट्टीत बसतो, जसा आपला षड्ज. हे वाचले तेव्हा आम्हांला हसू आले. कारण आपल्याकडे ही सोय शेकडो वर्षांपासून आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून सरगम वर्गात, फळ्यावर आणली. पण ती चाळीत आणि शेडमध्ये कितीशी आली? आम्ही एका पुठ्ठ्यावर सा रे ग म उभे लिहिले आहेत आणि मागाची एक तुटकी पट्टी छडी म्हणून वापरतो. पेटी बंद करून, नुसत्या तंबोऱ्यावर. तंबोरा आता मोबाईलमध्ये फुकट मिळतो, तेव्हा गरिबीची सबब राहिलेली नाही. ज्या पोराला ‘सा’वरून थेट ‘प’ लावता येतो त्याला पेटीची काठी लागत नाही.

ऐकण्याविषयी थोडे. समूहात बेसूर गाणाऱ्याला शोधणे सोपे. सर्वांत मोठ्याने गाणारा बहुधा तोच असतो. त्याला बाहेर काढू नये. दोन पक्क्या गाणाऱ्यांच्या मधे उभा करावा आणि सांगावे की, शेजाऱ्यांचा आवाज तुला ऐकू येईल इतक्याच आवाजात गा. सहा आठवड्यांत फरक दिसतो. सगळ्यांतच दिसतो असे मात्र नाही.

पट्टीचा घोळ मुलामुलींच्या पथकात कायमचा. मुलाला काळी एक सोयीची, मुलीला काळी चार किंवा पाच. मुलांच्या पट्टीत मुली तळाशी कुजबुजतात, मुलींच्या पट्टीत मुले गळा ताणतात. आमचा तोडगा एवढाच की, चाल पाहून ओळी वाटून द्याव्यात, आणि जेथे चाल दोघांच्याही मधल्या सुरांत येते तेथेच सर्वांना एकत्र घ्यावे. सव्वीस जण सतत गात असले म्हणजेच ताकद दिसते, हा सभेचा हिशेब गाण्याला लागू नाही.

शेवटी उच्चाराची गोष्ट, कारण त्यावरून आमचे एका व्यासपीठावर कडाक्याचे भांडण झाले आहे. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्‌’ म्हणतो. पण गाताना शेवटच्या ‘र’वर सूर लांबला की ‘घरऽ’ होते. पथकात दहा जण ‘घर्‌’ म्हणून तोंड मिटतात आणि सोळा जण ‘घरऽ’ म्हणून उघडे ठेवतात. मग ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. हे तालमीत ओळीओळीने ठरवावे लागते. ‘आ’ कोणाचा रुंद, कोणाचा गोल. तो सारखा झाला की, जोर न वाढविता आवाज दुप्पट वाटतो. याबद्दल कोणाचे दुमत नाही. भांडण झाले ते ‘न’ आणि ‘ण’ यांवरून. आमची निम्मी पोरे घरी ‘पानी’ म्हणतात. त्या व्यासपीठावरच्या एका विद्वानांनी ‘आधी शुद्ध बोला, मग गा’ असे त्यांना सुनावले. आम्ही त्यांना तेथल्या तेथे विचारले की, जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायांना हे कोणी सांगितले होते? आमच्या पथकात नियम असा आहे : लोकगीत असेल तर ज्या बोलीत रचले त्या बोलीत सर्वांनी गावे, आणि ज्यांच्या घरी ‘पाणी’ म्हणतात त्यांनी ‘पानी’ शिकावे. प्रमाण भाषेतले गीत असेल तर सर्वांनी ‘ण’ गावा. आणि ज्यांच्या घरी ‘पानी’ म्हणतात त्यांनी ‘पाणी’ शिकावे. दोन्ही बाजूंच्या पोरांना जीभ वळवावी लागते. पहिल्या प्रकारचे शिक्षण दुसऱ्याहून अवघड जाते, असा आमचा अनुभव आहे.

ती विडी कामगाराची मुलगी आता बावीस वर्षांची आहे. तिचा वरचा सूर पूर्वीइतका उंच जात नाही. ती दुसऱ्या रांगेत मधोमध उभी राहते, आणि नव्या पोरांना चटईवर झोपवून त्यांच्या पोटावर पुस्तक ठेवण्याचे काम तिच्याकडे आहे. तालीम दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पहिली पाळी सुटल्यावर, युनियनच्या माडीवर असते. कोणाही मुलामुलीने यावे. बाप युनियनचा सभासद असलाच पाहिजे असे नाही. मालकांची पोरे आली तरी चालतील, मात्र त्यांनी घोषणांच्या नियमाची काळजी करू नये. आणि श्रोत्यांत कोणी पेटी दुरुस्त करणारे असतील तर त्यांनी व्याख्यान संपल्यावर कृपया भेटावे. आमच्या पेटीची काळी चार दाबली की वर येत नाही, आणि मुलींची पट्टी नेमकी तीच आहे.